दहा राग, तीन यंत्रं आणि २८ वर्षांनी आलेली दाद

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने दहा राग वाजवले. साथीला तबलजी नव्हता, तानपुऱ्यावर कुणी बसलेलं नव्हतं, शेजारी दुसरा माणूसच नव्हता. होती फक्त तीन जपानी यंत्रं. एक ताल धरणारं, एक खर्जातला बास फिरवत ठेवणारं आणि तिसऱ्याच्या पट्ट्यांवर बोटं फिरवून रागाचे सूर काढायचे. एचएमव्हीने त्याची लाँग प्ले रेकॉर्ड काढली. नाव ठेवलं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचे सगळे प्रहर आणि वर एक पावसाळा, तेही एकाच न थकणाऱ्या ठेक्यावर.

रेकॉर्ड चालली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं सापडलं नाही आणि रागदारीच्या रसिकांना त्यात माणूस सापडला नाही. काही काळाने ती दुकानांमधून गेली आणि विस्मरणात जमा झाली.

२०१० साली नेदरलँड्समधल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली. तेव्हा युरोपातल्या अनेक जाणकारांना वाटलं, ही शुद्ध थाप आहे. आजच्याच कुणीतरी पोराने हे घरी बनवलंय आणि वर जुन्या भारतीय रेकॉर्डचं सोंग चढवलंय. इंग्लंडचा नामवंत इलेक्ट्रॉनिक संगीतकार अफेक्स ट्विन याच्यावरही संशय घेऊन झाला.

संशयाला कारण होतं. या रेकॉर्डवर जो चिरका, वळवळणारा, गुळण्या केल्यासारखा बास ऐकू येतो, तो संगीताच्या इतिहासाप्रमाणे १९८७ साली शिकागोत जगासमोर आला होता. त्याचं नाव 'ॲसिड हाउस'. मग पाच वर्षं आधी, मुंबईत, तो भैरवीखाली कसा काय वाजत होता?

याचं उत्तर शोधायला निघालं की एकीकडे सर्किटांच्या पोटात शिरावं लागतं आणि दुसरीकडे ऐकणाऱ्याच्या कानात. खरी नवलाई दोन्हीकडे आहे.

फिल्मी वाद्यवृंदातला माणूस

चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड नावाचा इलेक्ट्रॉनिक ॲकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर, असं बरंच काही ते वाजवत. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये अशा वादकांची एक अख्खी दुनिया होती. सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे. गाणं घराघरांत पोचायचं, वादकाचं नाव क्वचितच कुठे छापलं जायचं.

या मंडळींना नव्या वाद्यांचं भारी वेड. नवा आवाज ज्याच्याकडे, त्याला बोलावणं आधी. वादक केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर हिंदी गाण्यात आणला तो याच वातावरणात. चरणजित सिंगांनी त्यांची नवी यंत्रं सिंगापूरहून आणली. तिन्ही रोलँड कंपनीची: १९८० साली निघालेलं टीआर-८०८ हे तालयंत्र, १९८१ चं टीबी-३०३ हे बासयंत्र आणि त्याच वर्षीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर.

बाहेर डिस्कोची लाट होती. १९८० च्या 'कुर्बानी'त 'आप जैसा कोई' गाजलं, १९८१ साली नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' आला, १९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' पडद्यावर झळकला. चरणजित सिंगांनी पुढे मुलाखतींत सांगितलेला त्यांचा विचार अगदी सरळ होता. सिनेमात जिकडे तिकडे डिस्कोच वाजतोय, तर त्याच ठेक्यावर काहीतरी वेगळं का करू नये? राग घ्यायचे, डिस्कोचा ताल ठेवायचा आणि तबला बंद करायचा.

ज्या ढोलाला कातडं नाही

आधी ताल. टीआर-८०८ च्या आत कुठल्याही ढोलाचं मुद्रण साठवलेलं नाही. आजच्या बहुतेक तालयंत्रांमध्ये खऱ्या वाद्याचा आवाज भरून ठेवलेला असतो. ८०८ मध्ये नुसती विजेची सर्किटं आहेत आणि प्रत्येक ठोका त्या क्षणी नव्याने घडतो.

मोठ्या ढोलासाठी एक असं सर्किट आहे जे स्वतःहून गप्प असतं. त्याला विजेचा एक छोटासा टोला दिला की देवळातल्या घंटेसारखं ते थरथरायला लागतं आणि हळूहळू शांत होतं. थरथर सेकंदाला सुमारे ५० वेळा. स्पीकरचा पडदा तेवढ्या वेळा पुढेमागे होतो आणि छातीत जाणवणारा तो प्रसिद्ध ठोका उमटतो. झांजांसारख्या 'हाय-हॅट'साठी सहा चौकोनी विद्युतलहरी एकत्र केल्या आहेत. त्या एकमेकींशी कुठल्याही सुरेल नात्यात नाहीत, म्हणून कानाला सूर ऐकू येत नाही, धातूची किणकिण ऐकू येते.

त्यातली सळसळ कुठून यायची ते तर विलक्षणच. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितल्याप्रमाणे कंपनी त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घ्यायची. कारखान्याने नापास केलेले, आतून खरखरणारे. १९८३ साली ८०८ चं उत्पादन थांबलं. ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र इतकं सुधारलं होतं की हवा तसा बिघडलेला माल मिळेनासा झाला.

आवाज परत आत

आता ते बासयंत्र. टीबी-३०३ बनवलं होतं एकट्या गिटारवादकासाठी. बासवादक मित्र आला नाही तर याच्यावर साथ भरून ठेवायची आणि सराव करायचा, असा बेत. तो सपशेल फसला. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. त्यात सूर भरण्याची पद्धत अशी की आधी नुसते स्वर द्यायचे, मग वेगळ्याने त्यांच्या वेळा द्यायच्या. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोलाने जाऊ लागली.

पण त्याच्या आत चाललेला प्रकार सुंदर आहे. सुरुवात होते करवतीच्या दातांसारख्या लहरीपासून. या लहरीत मूळ स्वर तर असतोच, शिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सगळे उपस्वरही असतात, उतरत्या जोराने. ६० हर्ट्झचा षड्ज धरला तर १२०, १८०, २४०, ३०० हर्ट्झ, अशी शिडी वर वर जाते. मग येतो फिल्टर. एका ठरावीक उंचीच्या वरचे उपस्वर तो दाबून टाकतो. ती उंची एका खुंटीने खालीवर करता येते.

यातलीच दुसरी खुंटी म्हणजे 'रेझोनन्स'. फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडासा पुन्हा त्याच फिल्टरच्या तोंडाशी नेऊन आत सोडायचा. तो फिरून बाहेर येतो, पुन्हा आत जातो. या फेऱ्यांमध्ये फिल्टरच्या सीमेवर जो उपस्वर असेल तो फुगत जातो, बाकीचे मागे पडतात. परतीचा हिस्सा जसा वाढवावा तसा आवाज नाकातून, मग घशातून, मग किंचाळल्यासारखा येतो. ३०३ चं वैशिष्ट्य असं की ते पूर्ण किंचाळीच्या अगदी काठावर जाऊन थांबतं. त्या काठावर असताना फिल्टरची सीमा हळूहळू सरकवली की शिडीच्या पायऱ्या एकामागून एक उजळतात आणि विझतात. ॲसिडचा तो वळवळता आवाज म्हणजे हेच.

मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याजवळ कान नेला तर हीच शिडी आपल्या ओळखीची निघते. जवारी नीट लागलेली असेल, म्हणजे घोडीवर तारेखाली दोऱ्याची जागा बरोबर साधलेली असेल, तर तार छेडल्यावर आवाज एकसारखा राहत नाही. त्यातून एकेक उपस्वर वर येतो, चमकतो, पुढच्याला जागा देतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला होता. तार ज्या जागी छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे न थरथरणारी जागा, पडतो, तो नियमाप्रमाणे ऐकूच येता कामा नये. तानपुऱ्यात तो येतो. घोडीच्या पसरट बाकावर तार सारखी टेकते आणि सुटते, त्यातून ही करामत होते, असं रामन यांनी दाखवलं.

यंत्र वेगळं, कारण वेगळं, पण कानावर पडणारी क्रिया तीच: एका स्थिर षड्जाच्या पोटातून उपस्वरांची मिरवणूक. चरणजित सिंगांनी तानपुरा बाजूला ठेवला खरा, पण त्याच्या जागी जे यंत्र आणलं ते तानपुऱ्याचंच काम आपल्या पद्धतीने करत होतं.

गंधार दोन, एकाच वेळी

यंत्र आणि राग यांची ही जोडी कुठे जमते आणि कुठे निसटते, हे एका स्वरावरून कळतं.

गायक तानपुऱ्यात 'स्वयंभू गंधार' ऐकतात तो षड्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे पाचपट कंपनांचा उपस्वर. ६० हर्ट्झच्या षड्जाचा पाचवा स्वरांश ३०० हर्ट्झवर. आता ज्युपिटर-८ च्या पट्ट्या बघा. त्यांची सप्तकं बारा समान भागांत कापलेली आहेत, पियानो-हार्मोनियमसारखी. तिथे २४० हर्ट्झचा षड्ज धरला तर शुद्ध गंधाराची पट्टी ३०२.४ हर्ट्झला वाजते. फरक जेमतेम अडीच कंपनांचा, पण कसलेल्या कानाला तो टोचतो. हार्मोनियमवर जुन्या गवयांचा राग होता तो याच अडीच कंपनांसाठी.

म्हणजे यमन किंवा भूपाळी चालू असताना उजव्या हाताखालचा गंधार ३०२.४ वर, आणि खाली बास षड्जावर असेल, त्याचा फिल्टर पाचव्या पायरीवरून सरकत असेल, तर त्या क्षणी तिथे ३०० चा, निसर्गाचा गंधार उजळतो. ट्रान्झिस्टरांच्या जाळ्यात स्वयंभू गंधार! रोलँडच्या अभियंत्यांनी तो तिथे ठेवला नव्हता. करवतीच्या दातांच्या गणितातच तो होता.

मींडेचंही तसंच. ३०३ मध्ये सोळा घरांची ओळ असते. तीनतालाच्या मात्राही सोळाच, हा निव्वळ योगायोग. दर घराला एक खूण करता येते की या स्वरावरून पुढच्यावर उडी न मारता घसरत जा. राग ऐकणाऱ्या कानाला ते चटकन मींडेसारखं वाटतं. पण यंत्राची घसरण सगळीकडे सारखीच: दोन स्वरांतलं अंतर लहान असो की मोठं, वेळ तोच. गवई मींड घेताना मध्ये कुठे रेंगाळायचं, कुठल्या श्रुतीला नुसता स्पर्श करायचा, हे ठरवतो. तोडीचा कोमल गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा खाली असतो आणि तिथे जाण्याची वाटच त्याचं रूप असतं. हे यंत्राला कळत नाही. ती उणीव वादकाला वरच्या ज्युपिटरवर स्वर वळवून, घसरवून भरून काढावी लागते. रेकॉर्डवर ही झटापट ऐकू येते आणि ती ऐकण्यातही मौज आहे.

शिकागोतली एक रात्र

मुंबईतली रेकॉर्ड धूळ खात असताना तेच नापास झालेलं बासयंत्र शिकागोत तीन तरुणांच्या हाती लागलं. डीजे पियर, अर्ल 'स्पँकी' स्मिथ आणि हर्ब जॅक्सन. त्यांच्या गटाचं नाव 'फ्यूचर'. सूर कसे भरायचे ते धड समजलं नव्हतं, म्हणून यंत्र जे वाजवत होतं ते तसंच वाजू दिलं आणि ओळ फिरत असतानाच खुंट्या पिळत राहिले. बासची ओळ बदलत नव्हती, तिचा रंग बदलत होता. त्यांनी ते टेपवर घेतलं आणि 'म्युझिक बॉक्स' या क्लबचा डीजे रॉन हार्डी याच्याकडे दिलं.

पुढची हकिगत पियरने अनेकदा सांगितली आहे. हार्डीने टेप लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हे काय भलतंच? हार्डीने थोड्या वेळाने तीच पुन्हा लावली. मग आणखी एकदा. त्या एका रात्रीत चौथ्यांदा लावली तेव्हा लोक बेभान झाले होते. नाचणाऱ्यांनीच ती टेप हार्डीची 'ॲसिड ट्रॅक' म्हणून ओळखायला सुरुवात केली. १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' या नावानेच ती ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडभर तिचं वेड पसरलं.

या गोष्टीत यंत्र कुणी वाजवलं याइतकंच महत्त्वाचं आहे ते कोण ऐकत होतं. तीन मुलांना स्वतःला खात्री नव्हती की हे संगीत आहे. खात्री दिली ती जमलेल्या गर्दीने, आणि तीही पहिल्या फटक्यात नाही. पहिल्या वेळी कानाला सवय नव्हती. चौथ्या वेळेपर्यंत कान तयार झाला होता. हार्डीने टेप बदलली नाही, श्रोते बदलले. सवाई गंधर्व महोत्सवात एखादी अनवट जागा पहिल्यांदा शांततेत जाते आणि गायकाने ती पुन्हा घेतली की मंडपातून 'वाह' उठते, तेव्हाही असंच होतं. मैफलीत गायक समोरच असतो, म्हणून दाद ऐकून तो पुढची तान वेगळी घेऊ शकतो. बाहेर पडलेला आवाज परत आत येतो आणि पुढचा आवाज घडवतो. ३०३ चा फिल्टर विजेच्या पातळीवर तेच तर करतो.

चरणजित सिंगांच्या रेकॉर्डला रॉन हार्डी भेटला नाही. ती पुन्हा पुन्हा लावून लोकांचा कान तयार करणारं कुणी नव्हतं. वर्तुळ पुरं झालंच नाही.

दिल्लीतलं दुकान

२००२ साली एडो बाऊमन हा डच रेकॉर्ड-संग्राहक जुन्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डींच्या शोधात भारतात फिरत होता. दिल्लीत त्याला ही रेकॉर्ड सापडली. सुई टेकवल्यावर त्याला जे ऐकू आलं ते १९८२ चं असणं त्याच्या माहितीतल्या कुठल्याच इतिहासात बसत नव्हतं. त्याने चरणजित सिंगांचा माग काढला, मुंबईत जाऊन त्यांना गाठलं आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध केली.

संशय फार काळ टिकला नाही. मूळ रेकॉर्डच्या प्रती होत्या, वादक स्वतः हयात होते. आणि विचार केला तर कोडंही उलगडतं. मुंबई आणि शिकागो यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोघांना जोडत होतं ते एकच सर्किट. फिरत राहणारी ओळ, घसरणारे स्वर, सरकता फिल्टर, खाली ८०८ चा ठोका: ही यंत्रं एकत्र ठेवली की ती आपण होऊन एका दिशेला ओढतात. शिकागोची मुलं तिथे पोचली ती यंत्राचे नियम न कळल्यामुळे. चरणजित सिंग पोचले ते रागाचे नियम ठाऊक असल्यामुळे: आधार स्थिर ठेवायचा, स्वर मोजके ठेवायचे, आरोह-अवरोहाच्या चौकटीत फिरत राहायचं, विस्तार हळूहळू करायचा. कलावतीत किंवा मालकंसात पाचच स्वर. एवढ्या भांडवलावर तासभर रंगवण्याची सवय असलेली परंपरा आणि एकाच ओळीवर रात्र काढणारा क्लब, या दोहोंत वाटतं तेवढं अंतर नाही.

त्यांना 'ॲसिड हाउसचे जनक' म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. ते तितकंसं खरं नाही. त्यांची रेकॉर्ड शिकागोला पोचली नव्हती. शिकागोच्या आधी टीबी-३०३ इतरांनीही वापरलं होतं; स्कॉटलंडच्या 'ऑरेंज ज्यूस' या गटाचं १९८३ साली इंग्लंडात गाजलेलं 'रिप इट अप' त्याच यंत्रावर उभं आहे. चरणजित सिंग स्वतः आपल्या कामाला डिस्कोच म्हणत. ॲसिड हे नाव ऐकणाऱ्यांनी दिलं. पण दोघांनीही चूक केलेली नाही. वाजवणाऱ्याने डिस्को वाजवला, आणि मधल्या २८ वर्षांत जगाचा कान ज्या संगीतातून गेला त्यामुळे ऐकणाऱ्यांना त्यात ॲसिड ऐकू आलं. रेकॉर्डच्या खाचा तशाच होत्या.

मग युरोपातून बोलावणी आली. सत्तरी पार केलेले चरणजित सिंग परदेशी मंचांवर तेच राग पुन्हा वाजवू लागले, समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची नाचणारी गर्दी. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

कॅनडातल्या दोनशे कॅसेटी

ही एकच अशी गोष्ट असती तर नशीब म्हणून सोडून देता आली असती. पण कॅनडातल्या बेव्हर्ली ग्लेन-कोपलँड यांचंही जवळपास असंच झालं. १९८६ साली ऑंटारियोतल्या हंट्सव्हिल या लहान गावाजवळ राहताना यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आणि रोलँडचं टीआर-७०७ तालयंत्र घेऊन त्यांनी 'कीबोर्ड फँटसीज' हा अल्बम एकट्याने केला. रेकॉर्ड कंपनी नव्हती. स्वतःच सुमारे दोनशे कॅसेटी काढल्या. त्यातल्या थोड्याच खपल्या. सुमारे तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, जपानमधल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराचं पत्र आलं: काही प्रती शिल्लक आहेत का? शिल्लक होत्या. त्याने मागवल्या, भराभर विकल्या, आणखी मागवल्या. पाठोपाठ रेकॉर्ड कंपन्या विचारू लागल्या, अल्बम पुन्हा निघाला आणि सत्तरी उलटलेले ग्लेन-कोपलँड दौऱ्यावर निघाले.

दोन्ही गोष्टींत वस्तू टिकली होती, ही साधी पण निर्णायक बाब आहे. एचएमव्हीची तबकडी असो की घरची कॅसेट, प्रती चार ठिकाणी विखुरल्या होत्या, म्हणून कुणाच्या तरी हाती लागू शकल्या. आणि दोन्हीकडे पुन्हा शोध लावणारा एकच माणूस होता. दहा हजार जणांनी दुर्लक्ष केलं याने बिघडलं नाही. एकाने मन लावून ऐकलं तेवढं पुरलं.

अर्ध्या मिनिटाचा निकाल

आज सिंगापूरला जाऊन यंत्रं आणायला नकोत. ८०८, ३०३, ज्युपिटर या सगळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. पुण्यातल्या वसतिगृहाच्या खोलीत किंवा सावंतवाडीच्या माडीवर बसून कुणीही अख्खा अल्बम करू शकतं आणि तो जगभर पोचवू शकतं. दादही तितक्याच वेगाने परत येते, पण आकड्यांच्या रूपात. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणं ३० सेकंद ऐकलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. २०२४ पासून तिथे बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. हार्डीने चार वेळा लावलेली टेप या हिशेबात पहिल्याच वेळी बाद झाली असती, कारण पहिल्या तीस सेकंदांत तर लोक बाजूला होत होते.

आकडे खोटं बोलत नाहीत, पण फार थोडं बोलतात. कुणी गाणं का सोडलं हे त्यांतून कळत नाही. कंटाळला, की बसमध्ये होता, की त्याच्या फोनवर बास आलाच नाही?

हे शेवटचं कारण नवख्या संगीतकाराला सर्वांत जास्त छळतं. खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर दणदणणारा ८०८ चा ठोका मित्राच्या फोनवर गायब होतो. फोनचा इवलासा स्पीकर ५० हर्ट्झला नीट हलूच शकत नाही. त्यावर उपाय आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. त्या ठोक्यात थोडी विकृती घालून १००, १५०, २०० हर्ट्झचे आणि त्यांच्या वरचेही उपस्वर मिसळायचे. त्यातले वरचे उपस्वर फोन वाजवू शकतो. कानाला ते सारख्या अंतराने आलेले ऐकू येतात आणि मेंदू हिशेब करतो: या शिडीची खालची पायरी ५० असणार. मग तो न वाजलेला ५० चा स्वर आपल्याला खरोखर ऐकू येतो! स्पीकरने जो काढलाच नाही तो स्वर श्रोता स्वतः घडवतो.

मला या साऱ्या गोष्टीतलं हे सर्वांत मोठं नवल वाटतं. अल्बम बनवणारा एक शिडी पाठवतो, पण तिच्या काही पायऱ्या ऐकणाऱ्यालाच भराव्या लागतात. कधी तो एक खर्जाचा स्वर असतो. कधी तानपुऱ्याच्या सवयीने ऐकलेला गंधार. आणि कधी 'ॲसिड'सारखं अख्खं नाव, जे वाजवणाऱ्याच्या मनातही नव्हतं.

तेव्हा ओळखीतल्या कुणी घरी बनवलेला अल्बम पाठवला तर 'मस्त आहे' एवढ्यावर सोडू नका. त्या शब्दातून त्याला काहीच परत मिळत नाही. कशावर ऐकलंत ते सांगा, फोनवर की हेडफोनवर. कितव्या मिनिटाला लक्ष उडालं ते सांगा. कुठे मागे नेऊन पुन्हा ऐकलंत तेही सांगा, आणि तुम्हाला त्यात जे ऐकू आलं ते त्याच्या मनात नसेल असं वाटलं तर ते आवर्जून सांगा. फ्यूचरच्या तिघांना हे सगळं नाचणाऱ्यांच्या पायांनी एका रात्रीत सांगितलं. चरणजित सिंगांना ते कळायला वयाची सत्तरी गाठावी लागली.